नीळकंठाचा उजवा हात

अर्धांगाच्या झटक्यात माझ्या लेकाचा, नीळकंठाचा, उजवा हात लुळा पडला आणि रामघाटाच्या पाठशाळेत वेद शिकवणं सुटलं. आमच्या शाखेत स्वर हातानेही दाखवतात. चढला की हात वर, उतरला की खाली. हाताविना मंत्र दोषाचा, म्हणून त्याने सहा महिने म्हणणंच टाकलं. विकलांग पेन्शनसाठी मी त्याला सरकारी डॉक्टरपुढे बसवलं. “हाथ उठाइए, पंडितजी.” हात हलेना. फॉर्म भरता भरता डॉक्टर म्हणाला, “कोई मंत्र सुनाइए.” “मुलगा आहे माझा, रेडिओ नव्हे!” मी फणकारले. पण पेन्शनच्या कागदाच्या आशेने नीळकंठाने मंत्र धरला, आणि हात मांडीवरून वीतभर उठला! डोळे मिटलेले, त्याला पत्ताच नाही. डॉक्टरचं पेन थांबलं. “चुप कराइए अम्माजी, पेन्शन रुक जाएगी!” मी फॉर्म हिसकावला. “खबरदार टोकलंत तर! पुढचा स्वर उंच आहे. बघू, कुठवर जातो.”