नावाचा रकाना

धरणात बुडालेल्या बाईची जुनी गोष्ट मावशीने सांगितली, तेव्हा मित्रांनी पात्रं वठवत खेळायचे भुताटकीचे खेळ रचणाऱ्या भाच्याने नाक मुरडलं.

"नाव काय तिचं?"

"तिला नाव नाही, असंच सांगायचं."

या लोकांना साधं नावही सुचत नाही, असं पुटपुटत त्याने खेळाच्या कागदावरच्या नावाच्या रकान्यात समोरच्या शिवणक्लासच्या पाटीवरचं नाव ठोकून दिलं.

रविवारी दुपारी चार मित्र फासे घेऊन टेबलाभोवती बसले. बाईचा नवरा धरणावर उभा राहून तिला बोलावतो, तो प्रसंग आला. भाच्याने रडका आवाज काढत, वेडावत, त्या नावाने हाक मारली. चौघे खो खो हसले.

मागच्या, कुलूप लावलेल्या खोलीतून कुणीतरी ओ दिली.

"आले हं. पाय तेवढे पुसते."