मोठ्या मनाचा जावई

नवा लॅपटॉप घेतला, तसा जुना कॉम्प्युटर मी उदार होऊन परतवाड्याला सासऱ्यांना देऊन टाकला. वर शहाणपणही शिकवलं, "मामाजी, आता तुमीबी शिका काही."

अकोल्याला घरी येऊन कामाला बसलो, तर पुण्याच्या ऑफिसला जोडणारं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालेचना. ते जुन्यावरच चालायचं. शेवटी घरबसल्या इंटरनेटवरून सासऱ्यांकडचा कॉम्प्युटर चालवायचा आणि त्यातून ऑफिसात शिरायचं, असा जुगाड जमवला. स्वतःलाच शाबासकी दिली.

आज मोठ्या साहेबांची मीटिंग. सकाळीच फोन लावला, "मामाजी, कॉम्प्युटर चालू करता का?"



"चालूच हाय न जवाईबापू. पन आज तुमी सुट्टी घ्या, मी शिकून राहिलो."