हौदातला साबण

साबण हौदात पडला.

म्हणजे, पडला नाही. ती बाई साबण हातात घेऊनच पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत बसली आणि मुकाट्यानं अंग चोळू लागली. फेस हौदभर पसरला. काठावर बसलेल्या गल्लीतल्या बायांनी पाण्यातले पाय वर घेतले.

दारापाशी उंच बैठकीवर बसलेल्या हात्सुएनं ते पाहिलं. न्हाणीघर तिचं. चीनशी चाललेल्या लढाईमुळे सरपण मोजून मिळायचं, हौद दिवसातून एकदाच तापायचा आणि अख्खी गल्ली त्याच पाण्यात बसायची. म्हणून आधी बाहेर घासून धुऊन स्वच्छ व्हायचं, मगच हौदात. त्सुरुगा बंदरातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

ही बाई त्सुरुगातली नव्हती. सकाळी व्लादिवोस्तोकच्या बोटीतून उतरलेल्या ज्यूंपैकी एक. घर पोलंडात. होतं. पुढे कोबे, आणि कोबेच्या पुढे कुठे, ते तिलाही ठाऊक नसावं.

"सांगत होते की नाही?" मासळीवाल्यांची तोमे आजी म्हणाली. गल्लीतलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. "वेगळा दिवस दे त्यांना म्हटलं, तर ऐकलं नाहीस. जर्मन आपले दोस्त, आणि त्यांनी हाकललेल्यांना आपण न्हाऊ घालायचं? सोड आता पाणी गटारात. उद्यापासून आम्ही स्टेशनमागच्या न्हाणीघरात जातो. सगळ्याच."

सगळ्याच.

गल्ली गेली की न्हाणीघराला कुलूप. हे आजीला माहीत होतं, म्हणून तर ती बोलली.

"हवालदार काय सांगून गेला, आजी?" हात्सुए म्हणाली. "टोकियोचा हुकूम आहे. बाकी परक्यांना जसं वागवता तसंच यांना. जास्त नाही, कमी नाही."

"टोकियोवाले येणारेत का या पाण्यात बसायला?"

कुणीतरी फिसकन हसलं. हात्सुए बैठकीवरून उतरली. किमोनोच्या बाह्या दोरीनं मागे बांधल्या आणि हौदाशी गेली.

"ए बाई, ऊठ. साबण बाहेर लावायचा. चल, बाहेर ये आधी."

कुणाही गिऱ्हाइकावर ओरडावं, तशीच ओरडली. जास्त नाही. कमी नाही. पण त्या बाईला शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा कळला. ती उठली, छातीशी हात घेतले आणि कपडे कुठे ठेवलेत ते शोधू लागली. बाहेर काढलं जाण्याची तिला सवय झालेली दिसत होती.

हात्सुएनं लाकडी चौरंग पुढे सरकवला. "बस."

ती बसेना.

"बस म्हणते ना." हात्सुएनं तिला खांदे धरून बसवलं, पाठीवर बादली ओतली, तिच्या हातातला साबण घेतला आणि पाठ घासायला लागली. आगगाडीचा, बोटीचा, कुठकुठला मळ काळा होऊन वाहू लागला. "हे असं. बाहेर घासायचं. बाहेर धुवायचं. मग आत."

बाईचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. तिनं एकदा आपल्या पायांशी वाहणारं पाणी पाहिलं, एकदा हौदावरचा फेस. तोंडावर हात गेला. कानापर्यंत लाल झाली. मग उठून, कुणी न सांगता, बादलीनं तो फेस काढू लागली.

हात्सुएनं दोरी सोडली, किमोनो उतरवला, बादलीभर पाण्यानं अंग धुतलं आणि उरल्या फेसात गळ्यापर्यंत जाऊन बसली.

"पाणी चांगलंय," ती म्हणाली. "साबणाचा खर्चही वाचतोय."

बाया तोमे आजीकडे पाहू लागल्या.

शेवटी तोमे आजी पुटपुटत उठली. आपला चौरंग ओढत तिनं त्या बाईसमोर आणला, तिच्याकडे पाठ करून बसली आणि खांद्यावरून मागे अंग घासायचं फडकं धरलं.

"हात्सुए, हिला सांग," ती म्हणाली, "जोर लावून घास. आमची सून नुसती कुरवाळते."