बिनकाट्याचा मासा

लेकाचे साहेब जेवायला येणार म्हणून सुनेने हलका बेत ठरवला: लिंबू लावून ओव्हनमध्ये भाजलेला मासा आणि त्याला शोभेल अशी थंडगार व्हाइट वाइन. दुपारभर चष्मा पुसत पुसत, चिमट्याने एकेक काटा वेचला तो मी. लहानपणी एकदा लेकाच्या घशात काटा अडकला होता, तेव्हापासून हे काम माझंच.

बेल वाजली तसा लेक म्हणाला, "आई, तू आतच बस हं. उगाच अवघडशील." आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

बाहेर ग्लास किणकिणले. साहेब म्हणाले, "कमाल आहे, एकही काटा नाही!"

"काटे आम्ही आधीच काढून टाकतो, सर," लेक हसला.



मी बंद दाराला म्हटलं, "खरंय रे बाळा, एकही ठेवला नाहीस."