अकरा खोकी

व्हर्लिन स्टोक्सनं अंगठ्याला थुंकी लावली आणि पुढचं कार्ड उलटलं.

कॉलीन ब्रँट तळघराच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून बघत होती. कडेवर दहा महिन्यांची टेस. आल्याआल्या स्टोक्सनं त्याच अंगठ्यानं टेसचा गाल ओढला होता. कॉलीननं तो गाल बाहीनं दोनदा पुसला होता, तरी तिला तो ओलाच वाटत होता.

तळघरात कुबट वास होता. भिंतीशी अकरा खोकी, बेसबॉलच्या जुन्या कार्डांनी ठासून भरलेली. वरच्या थरावर बुरशी, मधेमधे उंदरांच्या लेंड्या. टेसला चार दात आले होते आणि दिसेल ते तोंडात घालायचं वेड लागलं होतं. आत्ता ती कॉलीनच्या स्वेटरचं बटण चावत होती. कॉलीननं ते सोडवलं आणि तिला खोक्यांपासून आणखी एक पायरी वर नेलं.

"सासऱ्यांनी चाळीस वर्षं जमवली," ती म्हणाली. "म्हणायचे, यातलं एक कार्ड बाकी सगळ्यांना भारी आहे. कुठलं ते सांगायच्या आधीच गेले."

"सगळे सासरे हेच सांगतात, पोरी. माझ्या सासऱ्यानं तर स्वतःच्या मुलीबद्दल सांगितलं होतं." स्टोक्स कागदी कपात थुंकला. तंबाखूची तपकिरी तार हनुवटीवर लोंबत राहिली. ती त्यानं मनगटानं पुसली आणि तोच हात पुन्हा खोक्यात घातला.

ओहायोच्या या भागात कुणाच्या घरी म्हातारा गेला की आठवड्याभरात स्टोक्सची व्हॅन दाराशी लागे. बायकांना कार्डांतलं काही कळत नाही, यावर त्याचं घर चाललं होतं.

"वरून कॉफीचा वास छान येतोय," तो म्हणाला.

"संपली," कॉलीन म्हणाली.

चौथ्या खोक्यात त्याला एल्मर डोर्सी सापडला.

त्या खेळाडूचं एकोणीसशे तेहेतीस सालचं कार्ड. त्या वर्षी चघळायच्या गोळ्यांच्या पुड्यांतून डोर्सी फारच थोडा निघाला होता. स्टोक्सनं आजवर तो फक्त काचेआड पाहिला होता, किमतीची चिठ्ठी वाचून दोनदा परत फिरला होता. हा चहासारखा तपकिरी पडलेला, आणि एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्या कोपऱ्यानंच त्याची खात्री पटली. नकली माल बनवणारे कोपरे कसे धारदार ठेवतात. बनवलेलं कार्ड उंदराला कोण घालतो?

धंद्याचा एक नियम होता: हिरा दिसला की हातात धरायचा नाही. त्यानं त्याच चालीनं पुढची दहा-बारा कार्डं उलटली आणि मोठी जांभई दिली.

"कचरा आहे सगळा. पण आलोय तर दोनशे देतो."

"चार वाजता लायमा गावचे एक गृहस्थ येतायत. ते नऊशे म्हणाले."

स्टोक्सचा अंगठा तोंडाशी थांबला. "बघायच्या आधीच?"

"नाही, ते निवडून घेणार. भिंग घेऊन बसतो म्हणाले. वीस-पंचवीस उत्तम तेवढीच नेणार आणि हा उकिरडा माझ्या गळ्यात ठेवणार." तिनं टेसच्या तोंडातून पुन्हा बटण काढलं. "पोर रांगायला लागली आहे, मिस्टर स्टोक्स. मला हे घरात नको. पण सासरे म्हणायचे तसं एखादं असलंच तर? ते आधी वेगळं काढावं का?"

"काढ की. बस वर्षभर शोधत. अगं, या धंद्यात ढिगाला किंमत असते. एकेक निवडत बसणारे वेडे होतात, बघितलेत मी." त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वातीन झाले होते. "खोक्याला शंभर. अकराशे. सगळी नेतो, आत्ता."

"भिंग देऊ का? वर आहे. नीट बघून तरी घ्या."

"कशाला? मी ढिगाचा माणूस."

"नंतर परत आणलीत तर मी घेणार नाही."

"तू परत मागायला येऊ नकोस म्हणजे झालं," तो हसला. दातांच्या फटींत तंबाखू काळी दिसत होती. त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: माल जसा आहे तसा विकला, कुणी परत द्यायचा नाही, कुणी परत मागायचा नाही. "सही कर, पोरी. कायद्याचं काम आहे."

कॉलीननं नोटा मोजून घेतल्या आणि सही केली. पेन त्यानं चावलेलं होतं. तिनं ते दोन बोटांत धरलं होतं.

दहा खोकी त्यानं व्हॅनच्या मागच्या बाजूला फेकली. चौथं पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. कॉलीन खिडकीतून बघत होती. शेजारच्या म्हातारीकडून गेल्या वर्षी नेलेल्या खोक्यांनाही त्यानं असाच पट्टा बांधला असेल, असं तिच्या मनात आलं. त्या म्हातारीला त्यानं चाळीस डॉलर दिले होते.

व्हॅन वळणाआड गेली. थुंकीचा कप तिनं चिमट्यानं उचलून बाहेरच्या डब्यात टाकला. कोपरापर्यंत हात धुतले. टेसचा गाल साबणानं धुतला, पुन्हा धुतला.

फोन वाजला.

"हो, सासऱ्यांचीच," ती म्हणाली. "अकरा खोकी आहेत. नाही हो, मला त्यातलं काही कळत नाही. उद्या दहाला या ना."

गॅरेजमध्ये तसल्याच खोक्यांची रास अजून छतापर्यंत होती. मग तिनं ओव्हनचं दार उघडलं. कॉफीचा वास घरभर पसरला. जाळीवर कॉफीत भिजवलेले पाच एल्मर डोर्सी वाळत पडले होते, चहासारखे तपकिरी, चारही कोपरे धारदार.

तिनं एक उचलला, फुंकर मारून गार केला आणि त्याचं टोक टेसच्या तोंडाशी धरलं.

"चाव, राणी," ती म्हणाली. "फक्त कोपरा."