हरणाबाईची कातर

"ह्यो तुझा बा न्हवं," हरणाबाई म्हणाली आणि सहावं चित्रही तिनं बाजूला सारलं.

प्रांजलनं ते उचलून आधीच्या पाचांवर ठेवलं. सांगलीत पाच वर्षं चित्रकला शिकलेली पोरगी, आणि तिला सख्ख्या बापाचं तोंड जमेना. रविवारी त्याचं, कोंडीबाचं, वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला फोटो नाही. आधार कार्डावर होता तेवढा एक, त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसायचा. एरवी कुणी फोन समोर धरला की गडी पाठ फिरवून मेंढरांकडं चालू लागायचा.

"टाकून दे सगळी," प्रांजल आईला म्हणाली. आता रंगांची पेटी कायमची बंद. पाचगणीच्या एका हॉटेलात काउंटरवर जागा होती, ती धरायची. एवढं ठरवून ती दळण आणायला गेली.

परत आली तर आई पडवीत बसलेली. हातात मेंढरं भादरायची कातर, भोवती सहाही चित्रांचे तुकडे.

"आये, हे काय केलंस?"

"टाकायचीच हुती न्हवं?" हरणाबाईनं मान वर केली नाही.

तिच्या पुढ्यात एक पुठ्ठा होता आणि वाटीत पिठाची खळ. वाकळ शिवताना कुठल्या लुगड्याचा तुकडा कुठं बसवायचा, हे तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. इथंही ती तशीच तुकडे लावत होती. केसांच्या काळ्यातून तिनं घोंगडं कापलं होतं. गालांच्या तपकिरीचं माळरान झालं होतं. मुंडाशाचं तांबडं तेवढं जागच्या जागी राहिलं होतं. डावा खांदा जरासा खाली, त्यावर काठी.

प्रांजल जवळ येऊन वाकली. तो बाच होता. चालत निघाला होता.

"पर तोंड कुठाय?" तिनं विचारलं.

"तोंड कवा गावलं बघायला? त्ये म्होरं, मधी मेंढरं, आन् मी घोडं धरून मागं. आटपाडीपास्नं कोकणापतोर, तीस वरसं मी ही पाठच बघितली गं."

प्रांजलनं दळणाचा डबा आत ठेवला. मग तिनं रंगांची पेटी उघडली. एक अख्खा कागद तपकिरी रंगवला, दुसरा आईच्या लुगड्यासारखा हिरवा. दोन्ही उन्हात वाळवले आणि आईपुढं हात केला.

"कातर दे. घोडं राहिलंय," ती म्हणाली. "आन् घोड्यामागं तू."