हिम्मतरावांचं वायफाय

"आहे गं, चालू आहे!" एकनाथरावांनी अंथरुणातूनच आवाज दिला.

देवाच्या आधी ते मोबाइलचं तोंड बघत. वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण दिसली, की त्यांचा जीव भांड्यात पडे. भामाबाई चहा गाळता गाळता नुसतं "हूं" म्हणाल्या.

वायफाय होतं हिम्मतरावांचं, म्हणजे धाकट्या भावाचं. काचीगुड्याच्या त्या मकानात रस्त्याकडची बाजू हिम्मतरावांची आणि मागच्या दोन खोल्या यांच्या. चांगले दिवस होते तेव्हा हिम्मतरावांनीच पासवर्ड दिला होता. "दोन-दोन कनेक्शन कशाला, दादा? मधे भिंत तर एकच आहे." पासवर्ड काय, तर आईचं नाव.

पुढं वडील गेले, मकान दोघांच्या नावावर झालं आणि सगळं बिघडलं. हिम्मतरावांना ते बिल्डरला द्यायचं होतं. एकनाथरावांना शेवटचा श्वास तिथंच सोडायचा होता. आधी बोलाचाली, मग वकील, मग नोटीस. एका ताटात जेवलेले भाऊ ते! जिन्यात समोर आले तरी मान फिरवून जायला लागले.

आणि नोटीस पोचली त्याच दिवशी वायफाय बंद पडलं.

माणसं तरी काय असतात बघा. नोटीस एकनाथरावांनीच धाडलेली, पण वायफाय गेलं तेव्हा खचले तेही तेच. "तोडलं गं त्यानं," म्हणाले आणि ताट सरकवलं. ते जे सरकवलं ते सरकवलंच. डॉक्टर झाले, सलाईन झालं, बेंगळुरूहून मुलगी योगिनी रजा टाकून आली. भामाबाईंनी तर हात टेकले होते.

मग एका संध्याकाळी मोबाइलमध्ये ती खूण आपसूक परत आली. तेच नाव, 'हिम्मत होम'. एकनाथराव उशीत तोंड घालून लहान पोरासारखे रडले. "रागावला होता, पण राहवलं नाही बघ त्याला! माझाच भाऊ आहे तो!" त्या रात्री दीड भाकरी खाल्ली त्यांनी.

तेव्हापासून दोन वर्षं बोलणं बंद आणि वायफाय चालू. एकनाथरावांना तेवढं पुरत होतं.

आता हिम्मतरावांनी एका नातेवाइकाच्या हाती निरोप धाडला होता. दादांनी आपला हिस्सा माझ्या नावे सोडावा. मुकद्दमा मिटेल, आणि मागच्या खोल्यांत दोघांनी मरेपर्यंत खुशाल राहावं.

"राहावं म्हणतात ना? मग तसं लिहून द्या म्हणावं," भामाबाई चहा पुढं ठेवत म्हणाल्या. "त्याशिवाय दस्तखत करायची नाही. नक्को म्हणजे नक्को."

"हौ गं, हौ."

"नुसतं हौ नको. या वयात कुठं भाड्यानं खोली धुंडायची आपण? योगिनीच्या दोन खोल्यांत तिची सासू आहे आधीच."

एकनाथरावांनी मान डोलावली, टोपी घातली आणि निघाले.

रजिस्ट्रीच्या कचेरीत हिम्मतराव आधीच येऊन बसले होते. केस पार पांढरे झाले होते. एकनाथरावांना भडभडून आलं.

"तब्येत कशी आहे, दादा?"

"चाललंय. तुझी?"

"चाललंय."

कारकुनानं कागद पुढं केले. एकनाथराव लिहून घेण्याचं विचारणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर हिम्मत बसलेला. त्याला कसं म्हणायचं, की तुझ्यावर भरवसा नाही?

"तू परत तोडलं नाहीस रे," ते एवढंच म्हणाले. "मला पोचलं ते."

"काय तोडलं नाही?"

"जाऊ दे. असलं तोंडानं बोलू नये."

हिम्मतराव कागदावर बोट ठेवून म्हणाले, "इथं दस्तखत करा, दादा."

दस्तखत झाली, अंगठा झाला, फोटो निघाला. हिम्मतराव व्हरांड्यात जाऊन फोनवर तेलुगूत म्हणाले, "अयिपोयिंदी, अण्णा." झालं म्हणून कुणाला तरी सांगितलं. वकिलाला सांगत असेल, असं एकनाथरावांना वाटलं.

येताना त्यांनी जिलबी घेतली.

"कागद बघू," भामाबाईंनी दारातच हात पुढं केला.

"कसला?"

"खोल्यांचा. लिहून घेतलं ना?"

"तोंड गोड कर आधी."

"अहो, घेतलं की नाही?"

"नाही घेतलं! काय गरज आहे?" एकनाथराव खुर्चीत ऐसपैस बसले. फार दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. "सगळा हिस्सा सोडून दिला, बिनशर्त. भांडण मिटलं एकदाचं."

भामाबाईंनी जिलबीचा पुडा न सोडताच बाजूला ठेवला. "कशाच्या भरवशावर?"

"कशाच्या म्हणजे? एवढा मुकद्दमा चालला, पण रागाचे ते चार दिवस सोडले तर त्यानं आपलं वायफाय तोडलं का? एक दिवस तरी? जो माणूस तेवढंसुद्धा तोडत नाही, तो वहिनीला रस्त्यावर काढील काय? सांग!"

भामाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"अहो, भाऊजींनी तोडलं ते पुन्हा जोडलंच नाही. तुम्ही अन्नाला शिवेनात म्हणून योगिनीनं गुपचूप आपल्यासाठी नवं कनेक्शन घेतलं, आणि त्याला नाव अन् पासवर्ड भाऊजींचा द्यायला मीच सांगितलं."